लेओकाडियाबाईंची भूक

ऑपरेशनमध्ये आतडी गेली, उरलं ते जेमतेम हातभर. तेव्हापासून लेओकाडियाबाईंचं जेवण छातीतल्या नळीतून थेट रक्तात जात होतं. संध्याकाळी नवरा झेनॉन हात घासूनपुसून पांढरी पिशवी टांगायचा, सकाळी काढायचा. आहारतज्ज्ञ याग्नाने पस्तीस किलो वजन, वय आणि ‘दिवसभर अंथरुणावर’ ही नोंद धरून हिशेब मांडला होता: रोज अकराशे कॅलरी. त्यावर हळूहळू अंग धरायला हवं होतं. तीन महिने झाले तरी काटा हलायचं नाव घेईना.

मे संपत आला होता. याग्ना वजनकाटा बगलेत मारून चार जिने चढून आली. पोलंडमधल्या लॉड्झ शहरातल्या या जुन्या इमारतींना लिफ्ट कसली! काट्यावर पुन्हा पस्तीसच.

“पुढच्या महिन्यातही हेच दिसलं तर डॉक्टर तुम्हाला वॉर्डात घेणार,” ती म्हणाली. “निदान दोन महिने.”

लेओकाडियाबाईंनी मनातल्या मनात महिने मोजले. म्हणजे अख्खा उन्हाळा गेला. झेनॉन चहाच्या पेल्यात काहीतरी हरवल्यासारखा बघत बसला.

“चूक माझी आहे,” याग्ना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “इतक्या खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं तर हृदय दगा देतं. म्हणून मी हात आखडता घेतला. बाई, मीच तुम्हाला उपाशी ठेवलं. डॉक्टरांना तसंच लिहून देणार आहे.”

आता मात्र लेओकाडियाबाईंना राहवेना. नळी तुंबली तेव्हा ईस्टरचं ताट सोडून धावत आलेली ही मुलगी. आपल्या खोटेपणाचं पाप तिच्या माथी?

“मी अंथरुणात नसतेच, पोरी,” त्या म्हणाल्या. “सकाळी पिशवी काढली की आमच्या बागेच्या तुकड्यावर जाते. मेच्या मध्यातली ती शेवटची, संत झोफियाची थंडी सरली, तशी टोमॅटोची अठ्ठावीस रोपं आणि काकडीचे वेल लावले.”

“आणि बादल्या उचलते,” झेनॉन म्हणाला.

“अर्ध्या. चहाड्या करू नकोस.”

“छातीत नळी असताना मातीत?” याग्नाचा आवाज चढला. “जंतू रक्तात गेले तर दोन दिवसांत माणूस जातो, ठाऊक आहे ना?”

“आहे. म्हणूनच बोलले नाही. तुम्ही लोकांनी बाग बंद केली असती.” लेओकाडियाबाईंनी मनातलं सगळं सांगून टाकलं. “मला खाता येत नाही. पण खालच्या मजल्यावरच्या तिन्ही घरांना खाऊ तरी घालता येतं. तेही गेलं तर मी त्या पिशवीचं करू काय?”

मग याग्नाने तक्ता काढला आणि ‘अंथरुणावर’ या शब्दावर काट मारली.

“किती वेळ खणता? जिने किती वेळा? खरं सांगा, माझी मर्जी राखू नका.”

तिने पुन्हा आकडे मांडले. “चौदाशे. पण पायरीपायरीने, दर खेपेला रक्त तपासून. खणणं बंद, बादल्या बंद. हातमोजे घालायचे, नळी कपड्याखाली झाकलेली. रोपं बांधा, काकड्या तोडा, बाकी झेनॉन करतील.”

“आणि वॉर्ड?”

“डॉक्टरांशी मी भांडते. तुम्ही आजारी कमी आणि भुकेल्या जास्त आहात.”

लेओकाडियाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “देव तुझं भलं करो,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांची मुदत दिली. जुलैत काट्यावर सदतीस भरले. झेनॉनचा विश्वास बसेना, त्याने बायकोला तीनदा चढवलं. लेओकाडियाबाईंनी डोळे पुसले आणि बडीशेप घालून मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कोवळ्या काकड्यांची बरणी याग्नापुढे ठेवली. त्यांच्यासमोर खायचं म्हणून ती संकोचली.

“खा गं. माझ्यासाठी खा.”

याग्नाने एक खाल्ली. मग बोटं चाटत दुसरी उचलली, मग तिसरी. लेओकाडियाबाई समोर बसून बघत राहिल्या, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांना जेवून उठल्यासारखं वाटलं.