रॅकवरच्या दोन टाक्या

हिरामणचा जन्म ट्रेलर चालवण्यात गेला. उरणच्या बाजूला गोदामांच्या दारात गाडी लावून माल उतरायची वाट बघत बसायचं, तेव्हा आतल्या रॅका त्याच्या नजरेत भरायच्या. निळे उभे खांब, नारिंगी आडवे बीम आणि त्यांवर पार छपरापर्यंत रचलेला माल. त्यामुळे कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या गोदामाच्या रॅका येऊन पडल्यात असं कानावर आलं, तेव्हा तो चौकशी करायला न जाता सरळ टेम्पो घेऊनच गेला.

गरजही होती. गाडी सोडल्यावर तो रेवदंड्याला आपल्या नारळाच्या वाडीत येऊन राहिला होता. घरामागं पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. मुंबई-पुण्याची माणसं यायची, समुद्रात डुंबून यायची आणि मग शॉवरखाली उभी राहून हाका मारायची, "काका, पाणी येत नाहीये!" टाक्या जमिनीवर होत्या, धार येणार तरी कुठून? टाक्या उंच चढवायला हव्या होत्या. स्लॅब घालायचा तर पावसाळा उजाडला असता. रॅक मात्र एका दिवसात उभी राहते, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं.

त्याची सून रुचिका पेणची. निकेतशी लग्न होण्याआधी ती पनवेलजवळच्या एका मोठ्या गोदामात सेफ्टीच्या कामावर होती. रॅकांच्या रांगांतून फिरायचं, कुठला खांब वाकलाय, कुठल्या बीमची पिन निसटलीय ते शोधायचं आणि ती रांग बंद करायला लावायची, हेच तिचं काम. लग्नानंतर ती नोकरी सुटली. आता ती पाहुण्यांचं बुकिंग बघायची.

हिरामणनं शेजारपाजारच्या चार माणसांना हाताशी धरून रॅक उभी केली, त्या दिवशी रुचिका पेणला माहेरी गेली होती. परतली तेव्हा सांगाडा उभा होता आणि रिकाम्या टाक्या दोरानं वर ओढायचं काम चाललं होतं. ती पिशवी हातात घेऊनच रॅकभोवती एक फेरी मारून आली.

"बाबा, खालचे बीम कुठे आहेत?"

"काढले. मधून खोल्यांकडं जायची वाट हाय. पाव्हण्यांनी काय वाकून जायचं?"

"ते बीम नुसते माल ठेवायला नसतात. खांबाला मधे मधे धरून ठेवतात. ते काढले की खांब एकटा पडतो, वजन आलं की वाकतो."

"अगं, टनांनी माल ठेवतात ह्याच्यावर. मी बघितलंय."

"ठेवतात ना. पण तिथे पाय काँक्रीटमध्ये बोल्टनं आवळलेले असतात. इथे खाली पुळणीची रेती आहे, त्यावर नुसत्या फरश्या टाकल्यात तुम्ही. आणि तिथे वारा नसतो. माल खोक्यात गप्प बसतो, पाणी आत हलतं. दोन हजार लिटरची एक टाकी भरली म्हणजे दोन टन वजन. अशा दोन!" मग तिनं बीमच्या टोकाला बोट लावलं. "पिनांच्या जागी तार बांधलीय?"

टाकीचा दोर धरलेली माणसं थांबून ऐकत होती. हिरामणला ते झोंबलं. ही सगळी माणसं त्याच्या शब्दावर आली होती. त्यानं हसायला सुरुवात केली, म्हणजे तीही हसतील.

"ऐकलात का? आमची सून गोदामात कागदावर टिका मारायची. आता सासऱ्याला रॅक शिकवते. जा गं, च्या टाक सगळ्यांना."

माणसं हसली. रुचिका आत गेली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या हिरामणला दिसल्या, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा बरंच वाटलं.

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती आणि ती हिरामणला ठाऊक होती. शेजारच्या मनुबाईच्या कुंपणाकडचा खांब मार खाल्लेला होता. कधीतरी फोर्कलिफ्टचा धक्का बसून तो गुडघ्याएवढ्या उंचीवर आत दबला होता. हिरामणनं तो उभा करताना दबलेली बाजू मुद्दाम कुंपणाकडं वळवली होती. कुणी विचारायला नको, म्हणून.

पुढं काही दिवस टाक्या अर्ध्याच भरल्या जायच्या, कारण बोअरला पाणी कमी होतं. रॅक उभी राहिली. हिरामण येणाऱ्या-जाणाऱ्याला शॉवरची धार दाखवायचा. रुचिकानं एकदा निकेतजवळ विषय काढलेला त्यानं भिंतीपलीकडून ऐकला. निकेत म्हणाला, "बाबांना आता काय सांगणार? उभी आहे ना?" निकेत थळला कामाला होता, दमून यायचा. विषय तिथंच संपला.

मग सुट्टीचे दिवस आले आणि दोन्ही खोल्या भरणार असं ठरलं. पाव्हणे यायच्या आदल्या दुपारी हिरामणनं पंप लावला आणि दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरून घ्यायचं ठरवलं. ठमाबाई, त्याची बायको, आत पडली होती. कुंपणापलीकडं मनुबाई बांबूच्या मांडवाखाली बसून सोडे निवडत होती. एकटी बाई, सुकी मासळी विकून पोट भरणारी. रुचिकावर तिचा भारी जीव. स्वतःची लेक लांब दिली होती, म्हणून या पोरीला बोलावून घ्यायची आणि डोक्याला तेल घालून द्यायची.

रुचिका चादरी वाळत घालत होती. तिच्या ओरडण्यानंच हिरामण बाहेर आला.

कुंपणाकडच्या खांबाखालची फरशी रेतीत रुतली होती आणि खांब दबलेल्या जागी वाकून धनुष्यासारखा झाला होता. रुचिकानं पंप बंद केला, दोन्ही टाक्यांचे खालचे व्हॉल उघडले. पाणी भसाभस वाहायला लागलं.

"मनुमावशी, उठा! तिकडे व्हा! सोडे राहू द्या, उठा!"

मनुबाई उठली, पण टोपली उचलायला पुन्हा वाकली.

हिरामणला एकच सुचलं. पडवीतला लाकडी वासा उचलून तो टेकू द्यायला रॅकखाली धावला. रुचिका मधे आली. ज्या सुनेनं कधी सासऱ्यासमोर मोठ्यानं हसूनही दाखवलं नव्हतं, तिनं त्याच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी धरून मागं खेचलं. दोघंही चिखलात पडले. हिरामणचा तळहात वाशाच्या खिळ्यावर फाटला. त्याच वेळी खांब मोडला, तारा तुटल्या, आणि दोन्ही टाक्या कुंपणावरून मनुबाईच्या मांडवावर गेल्या.

पुढचं हिरामणला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाण्याचा लोंढा, त्यात तरंगणारे सोडे, बांबूखालून येणारा मनुबाईचा आवाज. माणसं धावली. बांबू उचलले. मनुबाई जिवंत होती, हात मनगटात भलतीकडं वळला होता. रिक्षात घालून तिला अलिबागला नेलं.

मागं राहिलेल्यांनी हिरामणला घेरलं. "कसं झालं रे? चांगली उभी होती की."

हाताला रक्त लागलं होतं. समोर तीच माणसं होती, ज्यांनी दोर ओढला होता. रुचिका बाजूला चिखलानं माखलेली उभी होती. हिरामणच्या तोंडून निघालं, "उभीच होती. हिनं व्हॉल उघडले. एका अंगाचं पानी आधी गेलं न तोल गेला."

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. रुचिकानं त्याच्याकडं बघितलं. चादरी चिखलात पडल्या होत्या, त्या गोळा करून ती आत गेली.

असं एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? पण ते त्याच संध्याकाळी अख्ख्या पाखाडीत घरोघरी पोचलं होतं. थळहून आलेल्या निकेतला ते वाटेतच कळलं. जेवायला बसल्यावर तो बायकोला म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? बाबा होते ना तिथं?"

रुचिकानं भाकरी वाढली. हिरामण खाली मान घालून जेवत होता. आता बोलावं, असं त्याला वाटलं. घास गिळून बोलू, असं वाटलं. मग दुसरा घास आला. जेवण संपलं, त्यानं हात धुतले.

मनुबाई प्लास्टर घालून परत आली. रुचिका चहा घेऊन गेली तेव्हा म्हातारीनं कप परत केला. ओट्यावर बसलेल्या बायकांच्या देखत म्हणाली, "शिकलेल्या हातांचा च्या नको मना. माझा हात घेतलास, आनी काय घेनार हायस?" कुंपणाला आता भगदाडच पडलं होतं, हिरामणला सगळं ऐकू येत होतं. रुचिका भरलेला कप घेऊन परत आली आणि मोरीत ओतून टाकला. तेल घालायला तिला कुणी बोलावलं नाही.

ठमाबाईनं एकदाच विचारलं, "तो दबलेला खांब रॅक उभी करायच्या आधी तुमी घासत होता ना पडवीत? मी बघितलेला."

"सगलेच खांब घासत होतो," हिरामण म्हणाला. त्यानंतर ठमाबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

लाजेचं एक वेगळंच असतं. राग आला तर माणूस आदळआपट करतो, दुःख झालं तर रडतो. लाज घेऊन माणूस काय करणार? हिरामण वाडीत जाऊन बसायचा. मोडलेली रॅक भंगारात न्यायला टेम्पोवाला आला, तर त्याला परत पाठवायचा. तो वाकलेला खांब दुसऱ्या कुणी उचलून नीट बघेल, याचीच धास्ती. नारळाच्या झावळ्यांखाली त्यानं तो झाकून ठेवला, आणि झाकताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो तिथंच खाली बसला. या पोरीनं सदरा धरला नसता, तर त्या टाक्यांखाली आपण होतो. आणि आपण तिला काय दिलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झावळ्या बाजूला करून तो खांब खांद्यावर घेऊन मनुबाईच्या ओट्यावर गेला. बायका मासळी निवडत होत्या. मनुबाई एका हातानं निवडत होती. निकेतलाही त्यानं कामावर निघता निघता हाक मारून सोबत आणलं होतं. कशाला, ते सांगितलं नव्हतं.

त्यानं खांब ओट्यावर ठेवला.

"मनू, हा खांब आधीच मोडका होता. मना ठावं होतं. दबलेली बाजू तुझ्याकडं फिरवून मीच उभा केला. रुचिकानं पयल्याच दिवशी सांगितलं होतं ही रॅक पडंल म्हनून. मी तिला च्या करायला धाडली. व्हॉल तिनं वजन उतरवायला उघडले. तुला हाका तिनंच मारल्या. मी खोटं बोल्लो."

बायकांचे हात थांबले. निकेत एकदम म्हणाला, "बाबा!" तो मान फिरवून रस्त्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं ते जेवणाचं ताट आलं असावं.

मनुबाई शिव्या देईल, अशी हिरामणची तयारी होती. खरं तर त्या मिळाल्या तर बरं, असंच त्याला वाटत होतं. तिनं खांबाचा दबलेला भाग बोटांनी चाचपला.

"हात गेला तो गेला," ती म्हणाली. "हाड जुलंल. पन त्या पोरीला मी काय काय बोल्ले हिरामण, ते आता कोन गिलनार?"

आणि ती उठली. प्लास्टरचा हात छातीशी धरून कुंपणाच्या भगदाडातून सरळ त्यांच्या घरात गेली. हिरामण ओट्यावर तसाच उभा राहिला. एका बाईनं पुन्हा निवडायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच केली. त्याला कुणी बस म्हणालं नाही.

दुपारी रुचिका पडवीत आली. डोळे सुजले होते.

"मनुमावशींनी सांगितलं," ती म्हणाली.

"माझं चुकलं, पोरी."

"त्या दिवशी तुमच्या हाताला रक्त होतं. मला वाटलं, घाबरून बोललात. सकाळी सांगाल. मग रोज सकाळी तसंच वाटायचं."

उत्तराची वाट न बघता तिनं पडवीतल्या शिल्लक बीमांकडं बोट केलं. "हे सरळ आहेत. चालतील. पण आता माझ्या म्हणण्याप्रमाणे होणार असेल, तरच."

"तू सांग."

काम तिच्या म्हणण्याप्रमाणे झालं. घराच्या दुसऱ्या अंगाला, मनुबाईच्या कुंपणापासून लांब, रेती खणून घट्ट जमीन लागेपर्यंत खड्डे घेतले, काँक्रीट ओतलं आणि ते पुरतं सुकेपर्यंत कुणालाही वर काही ठेवू दिलं नाही. फक्त सरळ खांब, तेही कापून कमरेएवढे आखूड केलेले. तिरप्या पट्ट्या चारी बाजूंनी. बीमांना नव्या पिना. वर जाड फळ्यांचा सलग पाट, म्हणजे टाकीचं बूड सगळीकडं टेकेल. तरीही तिनं अलिबागहून एका बांधकामवाल्या इंजिनिअरला बोलावून वजनाचा हिशोब तपासून घेतला. शॉवरच्या धारेसाठी छोटा पंप बसवला. "पाण्याला जोर पंपानंही येतो," ती म्हणाली, "त्यासाठी चार टन डोक्यावर घ्यायची गरज नाही."

बोल्ट हिरामणनंच आवळले. दोर ओढायला आलेल्यांपैकी दोघं बघायला थांबले. "काय हिरामण, सुनेच्या हाताखाली?" एकानं हसत विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "आधी असतो, तर मनूचा हात मोडला नसता."

तो माणूस हसायचा थांबला. हिरामणला वाटलं होतं की असं चारचौघांत बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. फक्त पुढचा बोल्ट घ्यायला हात मोकळा झाला.

पहिल्या दिवशी टाक्या अर्ध्याच भरायच्या, असं रुचिकानं सांगितलं. पाणी चढत असताना निकेत, ठमाबाई, मनुबाई सगळी उभी होती. रुचिका एकेका खांबाच्या पायाशी वाकून बघत होती. कुंपणापलीकडून आलेल्या मनुबाईनं तिला हाक मारली, "जरा इकडं ये गं, तुझे केस बघ कशे झाल्यात," आणि रुचिका गेली.

हिरामण टाक्यांजवळच थांबला. तिनं जाता जाता सांगितलं होतं, पाणी अर्ध्यावरच्या खुणेपर्यंत आलं की पंप बंद करा. तो खुणेवर नजर ठेवून बसला होता.