छातीच्या पट्ट्याने जे ऐकले

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, छातीचा. दोन बोटे रुंद, काळा, ओढला की ताणला जाणारा. माझ्या मधोमध एक छोटी डबी आहे आणि तिच्या पोटात गुंडीएवढा सेल. पळणारी, पोहणारी माणसे मला छातीभोवती आवळून बांधतात. मी त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकतो आणि मनगटावरच्या घड्याळाला कळवतो. मला तोंड नाही. मी फक्त आकडे बोलतो, आणि ते कोणी बघितलेच नाहीत तर मी मुका. त्या मुकेपणात मी एक अख्खा दिवस भीतीने काढला आहे. तो दिवस मला तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म शिवणयंत्रांच्या खडखडाटात, एका लांब टेबलावर झाला. एका बाईने माझ्या आतल्या बाजूला दोन मऊ चकत्या चिकटवल्या. त्या ओल्या असल्याशिवाय मला काही ऐकू येत नाही. म्हणून बांधण्याआधी माणसे त्यांना पाणी लावतात, घाईत असली तर चक्क थुंकी. मी कधी वाईट वाटून घेतले नाही.

मला घेतले ते ताईने. ती माझी कोण, असे विचाराल तर कोणीच नाही. पण तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, तेच नाव माझ्या कानावर पहिले पडले. ताई विजेच्या तारांचे काम करायची. भर वाऱ्यात खांबाच्या टोकावर लटकून ती तारा जोडायची, म्हणून सोबतचे कामगार तिला पोलाद म्हणत. भाऊ शिंपी होता. पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचा. स्वभावाने तो पार भित्रा. दाराचे कुलूप तीनदा ओढून बघायचा, जिना उतरताना कठडा सोडायचा नाही. ताई त्याला ससा म्हणायची. तो हसून ओ द्यायचा.

पहिली तीन वर्षे माझ्या सुखाची गेली. पोहणे, सायकल आणि पळणे एका दमात करायच्या शर्यतीत ताई उतरायची. तिला शिकवायला एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणत, आज एकशे पन्नासच्या वर जायचे नाही, आणि ताई एकशे पन्नासच्या वर जायची नाही. निवांत बसली असताना तिचे हृदय मिनिटाला सत्तेचाळीस ठोके द्यायचे. इतके संथ, इतके नेमके, की ऐकत राहावे. ती जिंकून आली की मास्तर मला बोटाने टकटक करून म्हणायचे, खरा गुरू हा आहे, मी नुसता वाचून दाखवतो. तेव्हा माझा ऊर भरून यायचा, दुसऱ्याच्या उरावर बसून का होईना.

मग एका पावसाळी शर्यतीत ताईच्या पोटरीत गोळा आला आणि ती शेवटच्या टप्प्यात थांबली. तिच्यामागून एक बाई लंगडत लंगडत आली, सगळ्यांत शेवटी पोहोचली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तिच्यासाठी. गर्दीत कोणीतरी ताईकडे बघून म्हणाले की वेग आहे, पण चिवटपणा नाही. दुसऱ्या दिवशी कामावर एकाने विचारले, पोलादाला गंज चढला का. सगळे हसले, ताईही हसली. पण सकाळच्या सरावानंतर तिने मला सोडले नव्हते, मी तिच्या छातीवरच होतो. ते हसणे वरवरचे होते. आत एकशे बारा ठोके पडत होते.

तिने डोंगरातल्या एका भयंकर शर्यतीत नाव घातले. हाडे गोठवणाऱ्या तळ्यात जवळपास चार किलोमीटर पोहायचे, घाटरस्त्यांवर एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची, आणि मग बेचाळीस किलोमीटर पळत एका शिखरावर चढायचे. तिथे कोणी पहिल्या नंबरासाठी जात नाही. पुरी केली की झाले.

ताईचा सराव पालटला. ती उपाशी पळू लागली, बर्फाच्या पाण्यात बसू लागली. मास्तरांनी तिला बसवून समजावले की शरीर तयार करणे वेगळे आणि शरीर छळणे वेगळे. ती म्हणाली, तुम्हाला नुसते आकडे दिसतात, माणूस दिसत नाही. मास्तर उठले. दारात चपला घालताना एवढेच म्हणाले, "माणूस दिसतो, पोरी. म्हणून तर आकडे बघतो." त्यानंतर ते आले नाहीत आणि तिनेही बोलावले नाही.

शर्यतीला पाच आठवडे होते, तेव्हा ताईला ताप भरला. चार दिवस अंग फणफणत होते. ते चारही दिवस ती पळाली. चौथ्या दिवशी मला तिच्या ठोक्यांत पहिल्यांदा एक खड्डा लागला. एक ठोका पडलाच नाही आणि पुढचा धाडकन आदळला. जिन्याची एखादी पायरी नसावी आणि पाय तसाच खाली जावा, तसे मला झाले. ताप उतरला, पण बसल्या जागीचे सत्तेचाळीस ठोके अडुसष्टवर गेले ते खाली येईनात. मी रोज सकाळी तेच सांगत होतो. ताईने माझा सेल बदलला. तरी अडुसष्ट. मग ती म्हणाली, पट्टा जुना झाला, खोटे बोलतो. आणि तिने कामाच्या पिशवीतून तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी काढली आणि घड्याळाच्या तोंडावर लावून टाकली. मला मात्र ती सवयीने बांधत राहिली.

शर्यतीत प्रत्येकाला एक सोबती लागतो. तो गाडीतून मागोमाग येतो आणि शेवटचे दहा किलोमीटर बरोबर डोंगर चढतो. सोबत्याशिवाय कोणालाही शिखराकडे सोडत नाहीत. कामगारांपैकी एकालाही रजा मिळाली नाही. तेव्हा ससा म्हणाला, मी येतो. ताईला हसू फुटले. पण तो महिनाभर पाठीवर कापडाचे तागे बांधून गावाबाहेरची टेकडी चढत-उतरत राहिला. वेळ पाहायला ताईने त्याला आपले जुने घड्याळ दिले. त्या घड्याळाची आणि माझी जुनी ओळख होती. मी जवळ आलो की ते माझे बोलणे आपोआप टिपायचे. हे दोघांच्याही ध्यानात नव्हते.

उजाडता उजाडता माणसे तळ्यात उतरली. मित्रांनो, पाण्याखाली माझा आवाज कुठेच पोहोचत नाही. गार पाणी रबरी पोशाखाच्या गळ्यातून आत शिरले आणि ताईचे हृदय माझ्याखाली मुठीसारखे आवळले. मग सुरू झाले ते खड्डे. दहा ठोक्यांत एक. पुढे सहांत एक. वर धुके, खाली काळे पाणी, आणि त्या एवढ्या मोठ्या तळ्यात हे ऐकणारा मी एकटा. मला वाटले, हिच्याबरोबर मीही तळाशी जाणार आणि कोणाला काही कळणारदेखील नाही.

ती बाहेर आली. ओठ निळे पडले होते. सशाने तिला कोरडे केले, मीठ लावलेला उकडलेला बटाटा भरवला आणि विचारले, बरी आहेस ना. ती मान हलवून सायकलवर बसली. घाटात पाऊस लागला. उतारावर तिची बोटे इतकी बधिर झाली होती की ब्रेक दाबला गेला की नाही हे तिला चाकाच्या आवाजावरून कळत होते. मी बोलत होतो, घड्याळ ऐकत होते, आणि घड्याळाच्या तोंडावर काळी पट्टी होती. प्रत्येक थांब्यावर ससा गाडी आडवी लावून उभा असायचा. पण तो थांबा मिनिटभराचा. तेवढ्यात त्याचे डोळे ताईच्या चेहऱ्यावरून हलायचे नाहीत, मनगटाकडे बघणार कधी?

पळण्याचे बत्तीस किलोमीटर तिने कसे काढले ते मला नीट आठवत नाही. आठवते ती भीती. बत्तिसाव्या किलोमीटरवर पंचांची चौकी होती. त्यांनी सशाची पिशवी तपासली आणि दोघांना वर सोडले. आता तो तिच्या दोन पावले मागे होता आणि माझे बोलणे पहिल्यांदा सलग कोणाच्या तरी उघड्या घड्याळात पडत होते.

एकशे एकाहत्तर. चव्वेचाळीस. दोनशे तीन.

सशाने बघितले. घड्याळ झटकले. पुन्हा बघितले. अर्धा तास तो काही बोलला नाही. मी कळवळून आकड्यामागून आकडा पाठवत होतो आणि हा माणूस ओठ मिटून चालत होता. शेवटी त्याने भीतभीत सांगितले की आकडे वेडेवाकडे येत आहेत. ताई न थांबता म्हणाली, पट्टा सैल झाला असेल. त्याने तिला थांबवून माझा अडकवायचा हूक चाचपला. शिंप्याची बोटे ती. मी सैल नव्हतो हे त्यांना लगेच कळले. मग त्याने दोन बोटे तिच्या गळ्याला लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. त्याचा रंग उडाला.

तो वाटेच्या कडेला एका दगडावर बसला.

"ऊठ," ताई म्हणाली. "पाय दुखतायत का?"

"पाय ठीक आहेत. मी पुढे येत नाही, ताई. सोबती नसला की वर सोडत नाहीत. तुझी शर्यत इथे संपली."

"घाबरलास?"

"हो. खूप."

ताईने मग नको ते बोलून घेतले. तुझ्यासारखे जगायचे असते तर मी पण आयुष्यभर अभ्रे शिवत बसले असते, असे ती म्हणाली. तो रडत होता, पण उठला नाही. त्याने दगडाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जणू कोणी त्याला ओढून नेणार होते. ताई वळली आणि एकटीच चढू लागली.

मी पावले मोजली. दहा. वीस. लांब गेलो तसा माझा आवाज त्याच्या घड्याळात क्षीण झाला असणार. तीस. तिच्या छातीत आता नीट ठोके राहिलेच नव्हते, नुसती फडफड होती, पिंजऱ्यात पाखराने करावी तशी. चाळीस. ताईचे गुडघे वाकले. ती आधी बसली आणि मग आडवी झाली.

ससा धावत आला. श्वास चालू आहे हे बघून त्याने तिला कुशीवर वळवले, स्वतःचे जाकीट तिच्यावर टाकले आणि गळ्यातली शिट्टी फुंकायला लागला. दम संपला तरी फुंकत राहिला. खाली चौकीवर ऐकू गेले. चार माणसे स्ट्रेचर घेऊन आली. तंबूत डॉक्टरीणबाईंनी कात्री घेतली आणि मला मधोमध कापले. छातीवरून सुटताना मी शेवटचे ऐकले ती तीच फडफड. पुढे काय झाले ते मला कळेना. मी चिखलात पडलो होतो आणि माझ्यावरून बूट ये-जा करत होते.

सशाने मला उचलून खिशात घातले. त्याच्या खिशातूनच मी ऐकले, की विजेचा झटका देऊन ताईचे हृदय ताळ्यावर आणले. तापात पळाल्याने हृदयाला सूज आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक किलोमीटर वर गेली असती तर तिथे स्ट्रेचर न्यायला वाटच नाही.

त्यानंतर चार महिने मी त्याच्या दुकानातल्या खणात, खडू आणि कातरीशेजारी पडून होतो. ताई बरी होत होती, पण भावाशी बोलत नव्हती. मला भीती वाटायची की हे असेच राहणार.

एका दुपारी ती आली. अंगाने उतरली होती. पडद्यांच्या ढिगावर बसली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, एकशे दहाच्या वर जायचे नाही, पट्टा लागेल, असे म्हणाली. सशाने मला खणातून काढले. दोन्ही तुकडे जुळवून मध्ये नवीन इलॅस्टिकची पट्टी घातली आणि यंत्राखाली घेतले. सुई चालू असताना, मान वर न करता, तो बोलला.

"मी अर्धा तास आधीच बघितलं होतं, ताई. बोललो नाही. डोंगराला नव्हतो घाबरलो, तुला घाबरलो होतो."

यंत्र थांबले. ताई हातातल्या पडद्याची झालर चिवडत होती.

"ती चाळीस पावलं," ती म्हणाली, "मी तुझ्या पावलांची वाट बघत चालले. वाटलं, उठेल आता, येईल मागून. तू आला नाहीस म्हणून चिडले होते. तू आला असतास, तर त्या जोरावर मी आणखी वर गेले असते आणि तिथेच मेले असते रे."

दोघेही रडले. मग ताईने मनगटावरचे घड्याळ सोडले. काळी चिकटपट्टी केव्हाच काढली होती, तिचा चिकट डाग तेवढा काचेवर राहिला होता. ते तिने भावाच्या हातात बांधले. मला आकडा सांगू नकोस, थांब म्हण, मी थांबेन, असे ती म्हणाली. आता रोज सकाळी दोघे गावाबाहेरच्या टेकडीवर जातात. ताईला थांबणे अजून जड जाते. "थांब" म्हटले की ती दात-ओठ खाते. पण थांबते. आणि मला विचाराल तर, बेचाळीस किलोमीटर पळण्यापेक्षा त्या थांबण्याला तिला जास्त बळ लागते. तिच्या छातीवर राहून मी ते ऐकले आहे.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझा जोड पुन्हा विरत चालला आहे. माझी विनंती छोटी आहे. घामाचे मीठ आम्हाला आतून खाते. म्हणून आम्हाला साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. आणि तापात पळू नका. तुमच्यामागून चालणारे कोणी खाली बसले आणि मला भीती वाटते म्हणाले, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ जा, शेजारी बसा, आणि त्याने काय पाहिले ते आधी विचारा.