चारच्या गाडीआधी

"काल सातपर्यंत मोजलं," ड्रायव्हर म्हणाला. "मग उघडले."

समुपदेशकाने पेन खाली ठेवलं. बस आगाराच्या या खोलीत पूर्वी टायर ठेवत. आता आठवड्यातून दोन दिवस माणसं येऊन बसत. वास तोच होता. सुरुवातीला येणाऱ्यांची नावं बाहेरच्या फळ्यावर लागत, 'ब्रेक तपासणी'च्या खाली. ती यादी उतरवायला त्याने मॅनेजरला कायद्याचं कलम दाखवलं होतं. मॅनेजरने ते वाचलं नाही, पण कलमाला नंबर आहे म्हटल्यावर यादी उतरली.

समोरच्या माणसाची नोकरी बावीस वर्षांची. या काळात त्याच्या हातून आरसासुद्धा फुटला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली. सहा बैठका तो तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. क्लचबद्दल भरपूर बोलला. आज सातवी. पुलाच्या उतारावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, तो डोळे मिटत होता. पहिल्यांदा तीनपर्यंतच मोजलं होतं.

"मिटल्यावर काय वाटतं?"

"काहीच नाही. तेच बरं वाटतं."

मरायचं मनात येतं का, असं समुपदेशकाने सरळच विचारलं. ड्रायव्हरने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, तसं नाही, थोडं थांबावंसं वाटतं. भिंतीवर पावणेतीन झाले होते. चारची गाडी त्याचीच होती.

समुपदेशकाने फाइलमधून पहिल्या दिवशीचा कागद काढला. इथलं बोलणं इथेच राहील. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मला सांगावं लागेल. खाली ड्रायव्हरची सही. गणवेश मिळाल्याची करतात तशी ही सही सगळेच करत.

"हे मी वाचून दाखवलं होतं."

"ऐकलं होतं की. मला वाटलं, ते बाकीच्यांसाठी असेल."

"तुम्ही स्वतः सांगितलंत तर उत्तम. नाहीतर मी सांगेन. पण आजची गाडी तुम्ही न्यायची नाही."

"डोळ्यांचं सांगणार?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. सध्या गाडी देऊ नये, एवढंच. का, ते इथेच राहील."

मग त्याच्या परवानगीने मुलीला फोन झाला. ती निघालीच. उद्या सकाळची मानसोपचारतज्ज्ञांची वेळही ठरली. आणि दोघं मॅनेजरच्या खोलीत गेले.

मॅनेजरने एका ओळीचं पत्र वाचलं आणि उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. कारण सांगता येणार नाही, असं समुपदेशक म्हणाला. मॅनेजरने खणातून फॉर्म काढला. कारणापुढे दोनच चौकोन होते. 'व्यसन' असेल तर तीन महिने उपचाराची रजा आणि पुन्हा गाडी. 'मानसिक' असेल तर वैद्यकीय मंडळ. तिकडे गेलेलं कुणी या आगारात अजून परत आलं नव्हतं.

"मला कुठेतरी खूण करायलाच हवी हो," मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला. "दारू का?"

समुपदेशक तोंड उघडून थांबला. गप्प राहणं हाच त्याचा सतरा वर्षांचा धंदा, पण या खोलीत गप्प राहणं म्हणजे होकार होता. आणि दारू नाही म्हणावं, तर उरला एकच चौकोन. त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं.

"होय साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "दारूच."

खोकल्याचं औषधही वास घेऊन परत ठेवणारा हा माणूस. मॅनेजरचा चेहरा मात्र उजळला. मग आधी नाही का सांगायचं, माणसाला होतं असं, म्हणत त्याने खूण केली आणि आपल्या मेव्हण्याची कशी सुटली ते सविस्तर सांगितलं. सही मागितली, तेव्हा समुपदेशकाने फॉर्म परत सरकवला. फक्त आपल्या पत्रात एक ओळ वाढवली: माझ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या लेखी होकाराशिवाय गाडी देऊ नये. तिच्याखाली सही केली.

"खोटं कशाला बोललात?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"दारुड्याला लोक विचारतात, सुटली का म्हणून. वेड्याला कोण काय विचारतं?"

"हे आता मला कुणापुढे खोडून काढता येणार नाही."

"माहितीये. म्हणून तर तुमच्यासमोर बोललो."

बातमी त्यांच्याआधी फलाटावर पोचली होती. चारच्या गाडीत बदली आलेला पोरगेला ड्रायव्हर बसला होता. "काय काका, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात आजवर नसलेली आपुलकी होती. काका लागेल तेवढंच हसले. दुसरा गिअर जरा उचलून टाक, म्हणाले, आणि त्याला उठवून सीटवरची उशी सोडवायला लागले. बायकोने शिवलेली, चार बंद, आणि चारही घट्ट बसलेले. प्रवासी घड्याळं बघत होते.

गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. मुलगी यायला अजून अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर त्यांनी उशी ठेवली, तिचा कोपरा नीट केला, आणि स्वतः तिच्या शेजारी बसले.