जात्याचा वेग

"काकू, आता थांबवू नका हो! चारला शो आहे!" मयूरेश कळवळून म्हणाला. पण भानुमतीने फिल्म थांबवली होती.

क्योतोच्या विद्यापीठातल्या संग्रहालयात ती गेली बारा वर्षं जुन्या फिल्म पुसायचं, सांधायचं काम करत होती. काम तासांवरचं, बाइतो. कुणी विचारलं तरच बोलायचं, एरवी "हाय", म्हणजे जपानीत "हो", म्हणून मान तुकवायची. मयूरेश पुण्याचा, इथे पीएचडी करणारा. आजचा कार्यक्रम त्याचा आणि त्याचे प्राध्यापक मुराता-सेन्सेई यांचा. नव्वद वर्षांपूर्वी मानववंशशास्त्रज्ञांची एक मोहीम कोकणात गेली होती, तिच्यातल्या लोकांनी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून घेतलेलं हे मूक चित्रण. थांबवण्याआधी पडद्यावर दोन बायका जात्यापाशी झटके देत झुलत होत्या. खाली पाटी होती: 'अंगात आलेल्या स्त्रिया'.

"अंगात कसलं येतंय, कपाळ!" भानुमती म्हणाली. "जातं असं गरगरा फिरवलं तर पीठ तापेल. देवरुखला आईसमोर बसून मी दळलंय रे. तुझा वेग चुकलाय."

"फिल्मच्या डब्यातल्या कार्डावर सेकंदाला चोवीस फ्रेम्स लिहिल्यात. सेन्सेईंना पुरावा काय देऊ?"

आणि सेन्सेई दारात उभेच! भानुमतीने मागे वळून पाहिलं. काम गेलं तर गेलं, पण या बायांना चारचौघांत वेडं ठरवू द्यायचं? मुळीच नाही. तिने खुंटा धरल्यासारखी मूठ टेबलावर ठेवली, ती गोल फिरवत चक्क ओवी म्हणायला लागली. मयूरेशने फिल्म पुन्हा सुरू केली.

"कमी कर वेग. अजून. अजून कमी!"

वीस. अठरा. सोळाला पडद्यावरचे हात आणि तिची मूठ बरोब्बर जुळली. त्या बाईचे ओठही हलताना दिसले. ती गात होती!

"आईशप्पथ, काकू!" मयूरेश खुर्चीतून उडालाच.

सेन्सेईंनी स्वतःच्या हाताने पाटी काढली, तिच्यापुढे वाकून जपानीत विचारलं, "भानुमती-सान, काय लिहू?"

"दळताना गाणाऱ्या दोघी," ती म्हणाली.

चारला हॉल गच्च भरला. शेवटचा तुकडा, एरवी भुर्रकन उडून जाणारा, आज नीट दिसला. गाणाऱ्या बाईने जातं थांबवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ही माणसं कधी निघतात, याची ती वाट पाहत होती. शेजारी सुपात दळायचे अजून बरेच तांदूळ होते.