हिमयुग आणि हिरवं लुगडं

वाघोलीच्या सर्जेरावांनी घराची वरची खोली भूगोलाच्या रिटायर मास्तरांना भाड्यानं दिली, तिथंच चुकलं. रोज संध्याकाळी हे अनंतराव अंगणात खुर्ची टाकायचे नि हिमयुगाच्या गोष्टी सांगायचे. ते पुन्हा आलं की अर्धी दुनिया बर्फाखाली जाणार म्हणे. सर्जेरावांची बायको शकू तोंडाचा आ करून ऐकायची. नवऱ्याच्या बोलण्याला तिनं आजवर नुसतं 'हं' केलं होतं.

एक दिवस तिनं गोधडी शिवायला घेतली. म्हणाली, "सर एकटे असत्यात. त्यांच्या थंडीवाऱ्याचं कोण बघणार?"

गोधडीच्या थरात सर्जेरावांना हिरवा काठ दिसला. शकूचं लग्नातलं लुगडं!

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना सरळच विचारलं, "सर, त्यो बर्फ येणार तरी कवा?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण हजारो वर्षं तरी नाही. आपण हवा तापवतोय ना, त्यानं आणखी लांबेल."

मास्तर वर गेले तसे सर्जेराव बायकोकडं वळले. "ऐकलंस? हजारो वर्षं हायत. कशापायी घाई करतीस? त्ये हिरवं लुगडं उसव नि माझ्या गोधडीला ठेव."

शकूची सुई थांबली. "तुमी तर भर पौषात उघडं झोपता. तुमाला कवापासनं थंडी वाजाय लागली?"

सर्जेरावांनी वरच्या खोलीकडं एकदा बघितलं.

"ह्यो मास्तर ऱ्हायला आल्यापासनं."

शकूनं हसू दाबलं आणि हिरव्या काठावरचा टाका दातानं तोडला.