कॉर्पोरल क्वाशीचा बारावा गुन्हा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. राजधानीत पंख्याखाली बसून, आमचं गाव नकाशात कुठे आहे हेसुद्धा न बघता खोटं लिहिलंत आणि खाली झोकात सही ठोकलीत. ‘तेहेतीस वर्षांच्या सेवेत नोंदवलेले गुन्हे: अकरा. उल्लेखनीय कामगिरी: नाही. निरोपाची सलामी: नामंजूर.’ तीन ओळींत तुम्ही कॉर्पोरल युलाली क्वाशीचा निकाल लावलात. आता त्या तीन ओळींनी काय घडवलं ते ऐका.

पत्र सोमवारच्या बोटीने आलं. युलालीने चौकीच्या पायरीवर बसून ते दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि टोपीच्या आत सारलं. तिच्या खोलीत भिंतीला पांढरा गणवेश टांगलेला होता. महिनाभर ती त्याला खळ घालत होती, बटणं घासत होती. आमच्या बेटावर पोलीस निवृत्त होतो त्या दिवशी शिपाई रांगेत उभे राहतात आणि वरचा अधिकारी खालच्याला आधी सलाम करतो. आयुष्यात एकदाच. युलालीला दुसरं काहीच नको होतं. तेवढंही तुमच्याने सुटलं नाही.

शेजारच्या बेकरीवाल्या ऑर्टेन्सला ती म्हणाली की शुक्रवारी बाराच्या बोटीने बहिणीकडे जातेय, कायमची, आणि जेवण-बिवण, भाषण-बिषण काही नको, कुणाला बोलू नकोस. ऑर्टेन्सला कुणाला बोलू नकोस सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला नवा दोर बांधून देणं.

सामान बांधताना युलालीच्या हाताला वही लागली. सरकारी, काळ्या पुठ्ठ्याची, तेहेतीस वर्षांत पंधरा पानंसुद्धा न भरलेली. तिने ती चाळली आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, साहेबाचं बरोबर असेल. बाकीच्या चौक्यांत कपाटं भरून वह्या आहेत.

साहेब, ती वही कोरी का राहिली ते मी सांगतो. भांडण कुठेही लागो, टॅन्टी, म्हणजे मावशी, गावात सगळे युलालीला हेच म्हणतात, टॅन्टी यायची, दोन्हीकडचं ऐकायची आणि डाव्या खिशाचं बटण काढायची. फक्त बटण. त्या खिशात वही होती. बटण निघालं की मोठमोठ्या आडदांडांचा आवाज खाली यायचा. ड्रेक्सल नोएलने ऐन पंचविशीत शेजाऱ्याचा मासे धरायचा पिंजरा चोरला तेव्हा ती त्याला म्हणाली, “लिहू, की त्याच्या होडीतलं पाणी उपसतोस?” त्याने तीन आठवडे पाणी उपसलं. आज दोघं एकाच होडीत जातात. वहीत चढले ते अकराच गुन्हे, तेही बाहेरून आलेल्यांचे.

आणि कोठडीच्या दाराबद्दल तुम्ही सहा स्मरणपत्रं पाठवलीत. दार कुठे गेलं, हे एकदाही विचारलं नाहीत. सव्वीस वर्षांपूर्वीच्या वादळात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमची माणसं बुडत होती. कोळी असून आम्हाला पोहता येत नव्हतं. आमच्यात समजूतच होती, की समुद्राला न्यायचंच असलं तर हातपाय मारून मरण कशाला लांबवा. टॅन्टीला येत होतं. तिने कोठडीचं लाकडी दार बिजागऱ्यांसकट उखडलं, ते पाण्यात ढकललं आणि त्याला धरून तीन फेऱ्या मारल्या. पाच माणसं आणली. चार जगली. दार समुद्राने नेलं. त्यानंतर बिनदाराच्या कोठडीत माणसं मुकाट बसायची, कारण टॅन्टीने बस म्हटलेलं असायचं. आणि पुढच्या शनिवारपासून तिने गावाला पाण्यात उतरवलं. पोरं, बाप्ये, पोटुशा बाया, सगळ्यांना. सव्वीस वर्षांचे शनिवार. रडणाऱ्याला ती म्हणायची, “आधी तरंग, मग रड.”

शुक्रवारी ती धक्क्यावर उभी राहिली. अंगात तोच पांढरा गणवेश, कारण तो राजधानीतच जमा करायचा होता, आणि डाव्या खिशात वही, तीही तिथेच द्यायची. पायाशी पत्र्याची पेटी. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. नको म्हटलं होतं तिनेच, तरी तिने दोनदा वळून बघितलं. ऑर्टेन्ससुद्धा आली नाही, हे तिला लागलं.

बोट दोर सोडणार, एवढ्यात उत्तरेच्या किनाऱ्याकडून शंख वाजला.

दोन लांब फुंका म्हणजे मासळी आली. तुटक तुटक फुंका म्हणजे माणूस पाण्यात आहे. हा तुटक होता. तो उगाच कुणी फुंकत नाही. कायद्याने गुन्हा आहेच, पण कायद्याआधी गावाची रीत आहे: खोटा शंख फुंकणाऱ्याच्या होडीत वर्षभर कुणी पाय ठेवत नाही.

बोटीचा तांडेल ओरडला की आता गेलीस तर बोट थांबायची नाही. युलालीने ऐकलंच नाही. साठ वर्षांची बाई, उजवा गुडघा गेलेला, पेटी तिथेच टाकून टेकाडावरून धावत सुटली. पळता पळता बूट काढून फेकले. पट्टा सोडला. पाण्यात उडी टाकायच्या तयारीनेच ती किनाऱ्यावर पोचली.

पाण्यात माणूस नव्हता. पाण्यात गाव होतं.

गुडघाभर पाण्यात रांगा लावून माणसं उभी होती. पहिल्या रांगेत पहिल्या वर्षी शिकलेले, आता टक्कल पडलेले, पोटं सुटलेले. मागे त्यांची पोरं. त्यांच्या मागे परवापरवा तरंगायला शिकलेली चिल्लीपिल्ली, कंबरभर पाण्यात आयांना धरून. लाट आली की रांग वाकडी व्हायची, पुन्हा सरळ व्हायची. इतकी वाईट रांग कुठल्याही पोलिसाने बघितली नसेल. सगळ्यात पुढे ड्रेक्सल, हातात शंख.

“कोण बुडतंय?” युलालीने दम खात विचारलं.

“कुणी नाही, टॅन्टी,” ड्रेक्सल म्हणाला. “सव्वीस वर्षांत कुणी नाही. तेच तुला दाखवायचं होतं.”

आणि त्याने सलाम ठोकला. डाव्या हाताने, कारण उजव्यात शंख होता. मागची अख्खी रांग त्याचं बघून डाव्याच हाताने.

युलालीचं तोंड लाल झालं. ती रागावली होती, साहेब, खरोखर रागावली होती. खोट्या शंखाने उद्याच्या खऱ्या शंखाची किंमत जाते, हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं. तिने डाव्या खिशाचं बटण काढलं. मग जे तेहेतीस वर्षांत आम्ही बघितलं नव्हतं ते झालं. गावच्या माणसासाठी वही बाहेर आली.

“नाव?”

“टॅन्टी, तूच बारशाला होतीस.”

“नाव सांग.”

“ड्रेक्सल अ‍ॅम्ब्रोस नोएल. खोटा शंख फुंकला. कबूल.”

तिने लिहिलं. तेवढ्यात ऑर्टेन्स घागरा सावरत पाण्यातून पुढे आली. “माझं त्याच्या आधी लिही, यूला. त्याला फूस मी दिली. तो नको म्हणत होता, भित्रा आहे.” तिच्या मागे शाळेच्या बाई. मग पाद्री, तो म्हणाला की शंख त्याच्या कपाटातला आहे. मग रांगच लागली. लोक एकमेकांना ढकलायला लागले. एक म्हातारा म्हणाला, मी आयुष्यभर सरळ वागलो म्हणून माझं नाव राहून जाणार का? टॅन्टी लिहीत होती आणि नाक पुसत होती. पेन्सिल दोनदा तासावी लागली. शेवटचं नाव लिहून तिने मोजलं: दोनशे चौदा. मग तिने टोपी काढली, आतलं तुमचं पत्र वहीत ठेवलं, टोपी पुन्हा घातली आणि सगळ्या गावाला सलाम केला. डाव्या हाताने.

संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर नारळाच्या दुधात नीरफणस आणि खारवलेला मासा शिजत होता, आणि आरोपी ताटं वाढत होते. सोमवारच्या बोटीने ती राजधानीला गेली. तुमच्या टेबलावर गणवेश ठेवला, वर वही ठेवली, पोच घेतली. शिक्का आमच्याकडे आहे. बुधवारी ती परत आली. बहिणीला कळवलंय, तूच इकडे ये, मला शनिवारी काम असतं.

साहेब, तुम्हाला आकडा हवा होता ना? घ्या. कॉर्पोरल क्वाशीचा बारावा गुन्हा, आरोपी दोनशे चौदा, सगळे जिवंत, सगळ्यांना पोहता येतं, सगळ्यांचा कबुलीजबाब. तुमचाच नियम आहे, नोंदवलेल्या गुन्ह्याला चौदा दिवसांत लेखी उत्तर. आज एकविसावा दिवस आहे. खटला भरणार असाल तर तारीख कळवा, आम्ही सगळे येतो, रांगेत येतो. नाहीतर इथे या, बूट काढा, गुडघाभर पाण्यात उभे राहा आणि तिला आधी सलाम करा.

दोन्हीपैकी काय ते लिहून द्या. उत्तर द्या, साहेब.