घागरीपुढे दिलेला शब्द

या, अशा पुढे सरकून बसा. पंख्याखाली नको, तिथं आवाज नीट पोचत नाही. प्रसाद शेवटी आहेच, आधी कान द्या. आज जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात राजा नाही, ऋषी नाही आणि चमत्कारही नाही. नववी 'ब'चा वर्ग आहे, एक पेटी आहे आणि देवळ्याची एक म्हातारी आहे. तरीपण उठाल तेव्हा छाती दोन बोटं रुंद झालेली असेल. देवाच्या दारात बसून खोटं कशाला सांगू?

दोन हजार सालची गोष्ट. इंदिरानगरात तेव्हा बंगल्यांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. तिथल्या शाळेत मी संगीत आणि शिवण शिकवायचे. मुलं मला पेटीबाईच म्हणायची. त्या जूनमध्ये अंजलीबाई रुजू झाल्या. मनमाडच्या रेल्वे कॉलनीतल्या, वडील इंजिनं दुरुस्त करणारे, आणि या कायदा शिकलेल्या. दोन वर्षं काळा कोट घालून कोर्टात जाऊन आलेल्या. तो सोडून शाळेत कशाला आलात, म्हणून मी विचारलं.

"कोर्टात माणूस चूक करून मग येतो, पेटीबाई," त्या म्हणाल्या. "मला त्याला आधी गाठायचंय."

शनिवारी कार्यानुभवाचा तास असे. त्यात मुलं खडू नि मेणबत्त्या करायची. त्या मेणबत्त्या वीज गेल्यावर हेडमास्तरांच्याच घरी पेटायच्या, असं मुलं म्हणत. अंजलीबाईंनी तो तास कायद्यासाठी मागून घेतला. करार म्हणजे काय, पावती का घ्यायची, भागीदारी कशी करतात, वारस कोण, सही कुठं करायची आणि कुठं नाही.

पहिला तास साफ पडला. बाईंनी फळ्यावर कलमं लिहिली, मुलांनी जांभया दिल्या, आणि मागच्या बाकावरच्या राजूने पुस्तकातल्या चित्राला मिशा काढल्या. बाई शिक्षकांच्या खोलीत येऊन डबा न उघडता बसून राहिल्या.

मी म्हटलं, "अहो, कीर्तनात बुवा काय करतात? पूर्वरंगात सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. नुसता सिद्धान्त कोण ऐकणार? देवाचा असला तरी लोक चपला शोधायला लागतात."

बाई हसल्या. "मला कुठलं कीर्तन माहीत? आमच्याकडं जलसा. माझे आजोबा डफ घेऊन गावोगाव हिंडायचे. आधी गाणं, मग सवाल-जवाब."

"मग तुम्ही जलसा आणा, मी पेटी आणते."

पुढच्या शनिवारी पेटी वर्गात आली. बाईंनी राजूला उभं केलं. त्याने आपली बॅट सनीला विकली होती, वहीच्या पानावर लिहून, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदारांसकट. आता त्याला ती परत हवी होती.

"वय काय तुझं?"

"चवदा, बाई."

"अठरा पूर्ण नसलेल्याने केलेला करार कायद्याच्या लेखी झालेलाच नसतो. कागद कितीही छान असो."

राजूने डोकं खाजवलं. "म्हणजे रोज गृहपाठ करीन असं मी हेडसरांना लिहून दिलंय, ते पण झालेलं नाही?"

वर्ग लोटपोट. बॅट मात्र बाईंनी सनीकडेच ठेवली. "कायदा तुला सोडतो, पण तू शब्द दिला होतास. आता त्याच्याकडून मागून घे. देईल तर दोस्ती, नाही देणार तर शिकवण." हे मला फार आवडलं. आमचे बुवाही असंच म्हणतील.

मग दर शनिवारी एक सिद्धान्त, एक आख्यान आणि शेवटी चार ओळी चालीवर. वारसांचा धडा आला तेव्हा बाईंनी रचलं, मी भूपात बसवलं:

मयत पुरुषाचे वारस कोण?
मुलगा, मुलगी, बायको, आई,
चौघांना वाटा सारखाच बाई,
धाकटं-थोरलं कायद्यात नाही.

हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. तास बंद करायला आले असावेत, पण त्यांचा बूट ताल धरू लागला आणि ते तसेच परत गेले.

या वर्गात सविता होती. आमच्या शाळेच्या शिपाई भिमाबाई, त्यांची मुलगी. भिमाबाईंचे यजमान देवराम त्याच पावसाळ्यात गेले, तापाच्या निमित्ताने, आठ दिवसांत. मागे ठेवलं एवढंच की देवळ्याला रस्त्याकडेची दहा गुंठे जागा, त्यांनी आणि धाकटे भाऊ भिकन यांनी मिळून घेतलेली, अर्धी-अर्धी. बाकी भाड्याची खोली आणि शाळेचा पगार. सविताला शिकून त्या पाच गुंठ्यांवर आईसाठी घर बांधायचं होतं. वहीच्या मागच्या पानावर तिने नकाशाही काढला होता. त्यात मोरी कुठं हवी यावरून मायलेकींचं भांडण मी स्वतः ऐकलंय.

पुढच्या एप्रिलात आखाजी आली. आपल्याकडे अक्षय्य तृतीया म्हणतात, देवळ्याकडे आखाजी. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. देवरामांची ही पहिलीच घागर. भिमाबाई मला म्हणाल्या, "बाई, चला ना संगती. एकटीला जीव घाबरा होतो." मी गेले. चांदवडला एसटी बदलून दुपारी पोचलो.

घागर भरली, कापूर लावला. तेव्हा भिकन पुढे येऊन बसले. माणूस वाईट नाही हो. वर्षभर धान्य पोचवलं होतं त्यांनी. पण रस्त्याकडेला कांद्याचं खळं, म्हणजे कांदा घेऊन निवडायचं आवार, टाकायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्याला दहाच्या दहा गुंठे लागत होते.

"वहिनी, दादाच्या घागरीसमोर बोलतो. जागा एकाच्या नावावर राहू दे. तुमचं नि पोरीचं मी बघीन. उद्या हक्कसोड करून टाकू. नाय म्हणू नका."

चार भावकीतली माणसं बसलेली, नवऱ्याच्या नावाची घागर समोर. त्या भागात घागरीपुढे दिलेला शब्द फिरवला तर मेलेल्याला पाणी पोचत नाही, अशी समजूत. भिमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. "करते सही."

सविताने हातातली पोळी ताटात ठेवली. सकाळी जीपमध्ये चढताना ती आईला म्हणाली, "तू शब्द तुझा दिलास ना? मग तुझाच पाळ."

भिमाबाईंना काही उमगलं नाही. मलाही नाही.

निबंधकांच्या कार्यालयाबाहेर कडुनिंबाखाली सहादू दस्तलेखकाचं टेबल होतं. टाइप केलेला कागद तयार. जीपमध्ये भिकनची आई बयाबाईही आली होती. सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन ती झाडाच्या पारावर बसली. तिला कशाला आणलं, तर घरी एकटी नको म्हणून.

सहादूने पॅड उघडलं. "या ताई, इथं सही. आणि इथं पोरीची पालनकर्ती म्हणून अजून एक."

"काका, एकदा वाचू का?" सविता म्हणाली.

"वाच की. शाळेत जाते वाटतं."

तिने मोठ्याने वाचलं. भिमाबाई स्वतःकरिता आणि अल्पवयीन मुलगी सविता हिच्याकरिता पालनकर्ती या नात्याने हक्क सोडत आहेत. कागद खाली ठेवून ती म्हणाली, "माझ्या वाट्यासाठी कोर्टाची परवानगी कुठं आहे?"

सहादूने चष्मा नाकावर खाली ओढला. "कसली परवानगी?"

"अल्पवयीनाची जागा आईलासुद्धा कोर्टाला विचारल्याशिवाय देता येत नाही. आई पालन करते, मालक नाही होत."

"कुठल्या वकिलाकडं असते गं तू?"

"नववी ब."

सहादू हसला, पण पेन खाली ठेवलं. भिकनकडे वळून म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतीय. उद्या ही अठराची होऊन कोर्टात गेली तर तुमचं खळं हवेत राहील. मी आपलं ठोकून दिलं होतं, कोणी विचारत नाही म्हणून."

भिकनचा चेहरा उतरला. "सविते, कालचा शब्द? तुझ्या बापाची घागर?"

खरी कसोटी ती. मी मनातल्या मनात माळ ओढायला लागले. पोर पंधराची, समोर चुलता, पाठीशी आई रडवेली. सविता चुलत्याकडे वळली.

"काका, शब्द आईने तिचा दिलाय. तिला तिचा वाटा द्यायचा तर देईल, मी आडवी येणार नाही. माझा शब्द मी दिलेलाच नाही. आणि..." इथं ती बोटांवर मोजायला लागली, ओठांत आमचा भूप. "मुलगा नाही. मुलगी मी. बायको, आई..." तिची नजर पारावर गेली. "काका, या कागदात आजी कुठं आहे?"

"आजी? तिचा काय संबंध?"

"बाबा तिचा मुलगा होता."

सहादूने कपाळावर हात मारला. "आयला, मयताची आई. तिसरा वाटा राहिलाच की."

बघा, घरातल्या कोणालाही हे सुचलं नव्हतं. गावाकडे म्हातारी म्हणजे देणारी. तिने आयुष्यभर दूध, दागिने, झोप सगळं दिलेलं. तिच्याही नावाने काही येऊ शकतं हे कोणाच्या डोक्यातच नाही. तिच्या पोटच्या लेकाच्या तर नाहीच नाही.

भिकनला एकदम हुरूप आला. आई नाही म्हणणार नाही, या भरवशाने ते पाराकडे गेले. "आई, चल, एक अंगठा लाव."

बयाबाईने डबा बाजूला ठेवला. "कसाना अंगठा?"

"दादाच्या जागेत तुझा वाटा निघतोय. तो सोडायचा."

त्यांच्या बोलीत 'मना' म्हणजे माझा, 'शे' म्हणजे आहे. म्हातारी हळू म्हणाली, "मना देवरामनं काही मले उरनं शे का?"

"कायद्यानं निघतं, आजी," सहादू म्हणाला. "सुनेइतकंच, नातीइतकंच."

"मंग मी सोडाव नही." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणीही नाही. "भिकन, तुनी अर्धी जागा तुले शे. तेवढ्यावर खळं टाक. कांदा जास्त झाला त मना अंगणात वत. आन भिमा, तू बी सही करू नको. घागर मना लेकनी व्हती. तेना शब्द मी माफ करस. मी माय शे तेनी."

भिमाबाई तिथंच पाराशी बसल्या आणि सासूच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडल्या. पुराणातली आख्यानं मी शेकडो ऐकली, पण डोळ्यांदेखत उत्तररंग उभा राहिलेला तो एकच. कोणत्याही बुवाने असा रंगवला नसता.

भिकन टेबलाकडे परत गेले. मग त्यांनी तो टाइप केलेला कागद घेतला, चौपट दुमडला आणि बयाबाईच्या सांजोऱ्यांखाली तेल टिपायला घातला. "नववी ब," ते सविताला म्हणाले, "माझ्या सनदेचा कागद पण एकदा वाचून दे. बाजारात कांद्याची आडत करायचा परवाना काढतोय."

तिने जीपमध्येच वाचला. दोन चुका काढल्या.

महिन्याभरात देवरामांच्या जागी तीन नावं लागली: सविता, भिमाबाई, बयाबाई. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा अंजलीबाईंनी तो सातबाराचा उतारा हातात घेऊन तीनदा वाचला, आणि पेटी आणायला मलाच पळवलं. त्या शनिवारी नववी-दहावी एकत्र बसली, हेडमास्तर सतरंजीवर. आख्यान सविताने स्वतः लावलं. शेवटच्या ओळीला छप्पर उडतंय की काय असं वाटलं. मेणबत्त्या त्या शाळेत पुन्हा झाल्या नाहीत.

बयाबाई पुढे चार वर्षांनी गेली. जाण्याआधी तिने आपला तिसरा वाटा नातीच्या नावाने करून दिला, अंगठा लावून, कागद आधी दोनदा वाचून घेऊन. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. पण घरात कधी वारस मोजायची वेळ आली, तर भिंतीशी गप्प बसलेल्या म्हातारीला आधी मोजा. आणि मोजताना आमच्या देवळ्याच्या बयाबाईची आठवण काढा.